मुळेच्या माथ्यावरचे अभयारण्य

केडगावच्या नळाला येणारे पाणी मुळा धरणाचे. अहिल्यानगर शहराची आणि त्याला लागून असलेल्या आमच्या उपनगराची तहान याच पाण्यावर भागते. पावसाळ्यात इथल्या वर्तमानपत्रांत बातमी ठरलेली असते: आंबितचे छोटे धरण भरले, कोतूळजवळ मुळेचा विसर्ग इतके क्युसेक, २६ टीएमसीच्या मुळा धरणात नवी आवक इतकी. आंबित आणि कोतूळ ही नावे आमच्यापैकी बहुतेकांना या बातमीपुरतीच ठाऊक. ही गावे अकोले तालुक्यातली. मुळेचा उगम तिथेच, रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांच्या दरम्यान सह्याद्रीच्या पूर्व उतारावर होतो. हा डोंगरपट्टा १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्य आहे. त्याचा इतिहास गडांच्या, गिर्यारोहणाच्या आणि वन्यजीवांच्या अंगाने लिहिला जातो. मला तो नळाच्या टोकाकडून वाचावासा वाटतो.

केडगावात वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलीमीटर पाऊस पडला तर साल बरे म्हणतात. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम कडेला घाटघर-रतनवाडीत पाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो; लोक त्या भागाला नगरची चेरापुंजी म्हणतात. सुमारे ३६२ चौरस किलोमीटरच्या या अभयारण्यात १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे राज्यातले सर्वोच्च शिखर आहे. उतारांवर हिरडा, जांभूळ, ऐन, अंजनी आणि कारवी. बिबट्या, तरस, सांबर, भेकर, उदमांजर यांचा इथे वावर आहे. काळ्या कातळावर मातीचा थर पातळ आहे. झाडोरा गेला की पाऊस ती माती घेऊन एका दमात खाली उतरतो आणि धरणांत गाळ होऊन बसतो. झाडोरा टिकला की पाणी सावकाश झिरपते. आमच्या धरणाचे आयुष्य त्या पातळ मातीशी बांधलेले आहे.

ती माती राखणारे लोक कोण? या मुलखाला डांगाण म्हणतात. इथली मुख्य वस्ती महादेव कोळी समाजाची. मुसळधार पावसात टिकणारी, तेलकट कातडीची डांगी गुरे ही त्यांची कमाई. भात, नागली, वरई ही शेती. आणि बाळहिरडा हे उन्हाळ्यातले रोख उत्पन्न. पेशवाईपर्यंत डोंगरी किल्ल्यांची राखण हाही त्यांच्या चरितार्थाचा भाग होता. १८१८ नंतर इंग्रजांनी अनेक गडांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. राखणदारी गेली, सावकारी कर्जाचा फास आवळत गेला आणि कोळ्यांचे उठाव झाले. देवगावच्या राघोजी भांगरे यांना १८४८ च्या जानेवारीत पंढरपुरात पकडण्यात आले आणि २ मे रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले.

याच काळात डोंगराकडे पाहणारी दुसरी एक नजर इथे आली होती. कर्नल विल्यम साइक्स यांनी दख्खनच्या हवामानावरचा निबंध १८३५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केला. हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून धुक्यात दिसलेल्या पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्याचे वर्णन त्यात आहे. आज कोकणकड्यावर ‘इंद्रवज्र’ दिसावे म्हणून तासन्‌तास बसणाऱ्या मंडळींचा हा पूर्वज म्हणायला हरकत नाही. एकाच दोन दशकांत एकाला या डोंगरात हवामानाचे कोडे दिसले आणि दुसऱ्याला लपण्याची जागा.

१८७८ च्या वन कायद्याने सरकारी जंगलांभोवती राखीव वनाच्या रेषा आखल्या गेल्या. पुढची रेषा पाण्याने आखली. भंडारदऱ्याला प्रवरेवर धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. सुमारे २७० फूट उंचीच्या या भिंतीमागे अकरा टीएमसी पाणी साठते. त्या पाण्यावर श्रीरामपूर-राहाता पट्ट्यात ऊस उभा राहिला आणि १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. सहकाराची ही गाथा आपण अभिमानाने सांगतो. धरणासाठी ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्या डांगाणाच्या वाट्याला मात्र ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण आली. २००८ मध्ये घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. त्याची वीजही डोंगर उतरून गेली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झाले तेव्हा आत आधीच गावे होती, देवराया होत्या, नवरात्रात कळसूबाईची जत्रा भरत होती. जंगल वाचवण्याचा हेतू योग्यच होता. पण चराई, सरपण, हिरडा यांवरचे निर्बंध ज्यांच्या अंगणात आले, त्यांचे हक्क कायद्याने स्पष्टपणे मान्य व्हायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. दरम्यान सुट्टीच्या दिवसांची गर्दी वाढली. मे-जूनमध्ये काजवे पाहायला भंडारदरा परिसरात गाड्यांची रीघ लागते. काजव्याचे प्रणयसंकेत अंधारावर चालतात; हेडलाइट आणि मोबाइलचे दिवे नेमके तेच मोडतात. पर्यटनातून जेवणाची, मुक्कामाची, वाटाड्याची कमाई बारी, रतनवाडी, पाचनईसारख्या गावांना होते, हेही तितकेच खरे. म्हणून गर्दीवर मर्यादा हवी आणि ती ठरवण्यात ग्रामसभेचा शब्द हवा.

२००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व आणले. तुटीच्या वर्षी मुळा-भंडारदऱ्यातून जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की आपल्या जिल्ह्यात मोर्चे निघतात. ‘आमच्या हक्काचे पाणी’ हा शब्द तेव्हा सर्वांच्या तोंडी असतो. नदीच्या खालच्या अंगाला न्यायाचा हिशेब असा आपण हिरिरीने मांडतो. वरच्या अंगाला तो कधी मांडला गेल्याचे मला दिसत नाही. गडांची राखण, वनाची रेषा, धरण, वीज, अभयारण्य, सहल: दोनशे वर्षांत डोंगरावर आलेला जवळपास प्रत्येक निर्णय पठारावर ठरला आणि त्याची झीज डोंगराने सोसली.

माझी सूचना साधी आहे. शहराच्या आणि कारखान्यांच्या पाणीपट्टीतला एक लहान हिस्सा मुळा-प्रवरेच्या उगमाकडील ग्रामसभांना दरवर्षी मिळावा. वणवा रोखणे, मृदसंधारण, देवराया राखणे, हिरड्याला रास्त भाव देणे यांवर तो त्यांनी खर्च करावा. त्याला मदत हा शब्द वापरू नये. वीजबिलासारखे ते पाण्याचे बिल आहे, आणि त्याची थकबाकी बरीच जुनी आहे.