गोदामाईचा गाळ

भगिनींनो, इतिहास म्हटला की लढाया आठवतात. पण गाळालाही इतिहास असतो. माझे माहेर निफाड तालुक्यातले. तेथे गोदावरी-कादवेच्या संगमावर इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या आरंभी, नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा झाला. त्याच्या कालव्यांनी कोपरगावकडच्या कोरड्या शिवारात ऊस उभा राहिला. बंधाऱ्यामागे मात्र वर्षानुवर्षे गाळ साचला. पाण्याचा साठा घटला. पण त्या उथळ पाण्यात लव्हाळी वाढली, मासे पोसले, मासेमारी करणाऱ्यांच्या चुली पेटल्या. हिवाळ्यात दूरदेशीची बदके उतरू लागली. १९८६ साली तेथे पक्षी अभयारण्य झाले. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले.

माईने दिलेल्या गाळाने घरे जगवली. आपण तिला प्लास्टिकच्या पिशवीतले निर्माल्य देतो. यंदापासून ते तुळशीच्या आळ्यात घालू या.