संपर्काची पोच : क्यूएसएल कार्डांचा संग्रह
हौशी रेडिओचालकांच्या सांकेतिक भाषेत ‘क्यूएसएल’ म्हणजे संदेश मिळाल्याची पोच, आणि ही पोच पोस्टकार्डावर छापून पाठवण्याची प्रथा पहिल्या महायुद्धानंतर झपाट्याने रुजली. कार्डावर ठळक छापलेली कॉल साइन, म्हणजे परवान्याने केंद्राला दिलेली अक्षर-अंकांची ओळख, आणि हाताने भरलेली तारीख, वेळ व संदेशाची सुस्पष्टता यांमुळे ते संपर्काचा पुरावा ठरे. १९३७ साली अमेरिकेत सुरू झालेल्या, १०० देशांशी संपर्क साधणाऱ्यांच्या सन्मानासाठी तर ते सादर करावेच लागे. सोव्हिएत चालकांची कार्डे मॉस्कोच्या टपालपेटी क्रमांक ८८ मार्फत ये-जा करीत, म्हणून त्यांवरचा तो पत्ता संग्राहकाने चित्राहून अधिक जपावा. व्हिएन्नाच्या रेडिओ-अभिलेखागारातील लक्षावधी कार्डांत आज नकाशावर नसलेले देशही सापडतात.