पोस्टफिक्सच्या काही ओळींवर भाष्य

वीत्से व्हेनेमा यांनी आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात लिहिलेला पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर १९९८ साली सर्वांसाठी खुला झाला. पुढील ओळींमागे एक साधी मांडणी धरली आहे. एकाच यंत्रावर वाचनालय आणि नाट्यमंडळ अशा दोन संस्थांची डोमेन आहेत, मेलबॉक्स मात्र कोणाचीच नाही. पदाधिकाऱ्याच्या नावे आलेली मेल त्याच्या खासगी खात्याकडे फॉरवर्ड करायची आणि वाटेत स्पॅम गाळायचा. फॉरवर्डिंग आज बसवले आणि गाळणी महिन्याने जोडली, असे बहुतेक ठिकाणी घडते, आणि बिघाडाचे मूळ तिथेच असते. ही दोन्ही एकाच निर्णयाची अंगे आहेत. ओळी इथे देवनागरीत दिल्या आहेत; फाइलमध्ये त्या रोमन लिपीतच लागतात. ‘.एक्झाम्पल’ हा शेवट १९९९पासून उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला आहे.

व्हर्च्युअल_अलायस_डोमेन्स = वाचनालय.एक्झाम्पल, नाट्यमंडळ.एक्झाम्पल

या दोन डोमेनची मेल स्वीकारायची, पण त्यांतला एकही पत्ता यंत्रावरच्या वापरकर्त्याचा नाही, असा याचा अर्थ. हीच नावे ‘मायडेस्टिनेशन’मध्ये लिहू नयेत. तिथल्या डोमेनवर यंत्राचा प्रत्येक वापरकर्ता, अगदी ‘रूट’सुद्धा, पत्ता ठरतो आणि दोन संस्थांचे दोन ‘चिटणीस’ एक होऊन बसतात. नाव दोन्हीकडे असेल तर पोस्टफिक्स लॉगमध्ये इशारा लिहितो, पण लॉग वाचणारा कोणी असावा लागतो.

व्हर्च्युअल_अलायस_मॅप्स = हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/व्हर्च्युअल

पत्त्यांचा तक्ता कुठे आहे ते इथे सांगितले. तक्ता बदलला की ‘पोस्टमॅप’ चालवावे, नाहीतर सर्व्हर जुन्याच नोंदींवर चालत राहतो.

चिटणीस@वाचनालय.एक्झाम्पल → चिटणिसांचे खासगी खाते

तक्त्यातली ही एक नोंद. मधला बाण वाचकाच्या सोयीसाठी, फाइलमध्ये तिथे नुसती मोकळी जागा असते. डावा स्तंभ दोन कामे करतो. मेल कुठे वळवायची हे तो सांगतोच, शिवाय कोणते पत्ते अस्तित्वात आहेत याची यादीही तोच असतो. यादीत नसलेल्या पत्त्याला पोस्टफिक्स दारातच ५५० क्रमांकाचे उत्तर देऊन परत पाठवतो.

@नाट्यमंडळ.एक्झाम्पल → कार्यवाहांचे खासगी खाते

पूर्वपक्ष असा: पत्ता लिहिताना कोणाची चूक झाली तरी मेल हरवू नये, म्हणून सगळे झेलणारी एक ओळ असावी. हेतू चांगला आहे, पण या ओळीने यादीचे काम संपते. डोमेनवरचे कोणतेही नाव आता खरे ठरते, आणि स्पॅम पाठवणारे अंदाजाने नावे लावून पाहतच असतात. तो सगळा कचरा कार्यवाहांच्या खात्यात पोचवणारा सर्व्हर आपला असतो. खाते देणारी सेवा त्याचा दोष आपल्याच आयपी पत्त्यावर टाकते आणि मग वाचनालयाची खरी मेलही स्पॅममध्ये जाऊ लागते.

याहून घातक रूप म्हणजे एक अख्खे डोमेन दुसऱ्या डोमेनकडे वळवणे. तिथे पत्ता खरा की खोटा हे पुढच्या सर्व्हरलाच ठाऊक असते. तो नकार देईपर्यंत आपण मात्र २५० हे उत्तर देऊन चुकलेलो असतो. एसएमटीपीच्या मानकानुसार (आरएफसी ५३२१, २००८) मजकूर घेऊन २५० म्हणणारा सर्व्हर ती मेल पोचवण्याची, नाही पोचली तर तसे कळवण्याची जबाबदारी घेतो. कळवायचे कोणाला? स्पॅमवरचा प्रेषक बहुधा बनावट असतो. परतीची सूचना कुठल्यातरी निरपराध माणसाकडे जाते. यालाच बॅकस्कॅटर म्हणतात. जे नाकारायचे ते २५०च्या आधी नाकारावे, या एका गोष्टीसाठी मी कितीही वेळ द्यायला तयार असतो.

कंटेंट_फिल्टर = एसएमटीपी-अमाविस:[१२७.०.०.१]:१००२४

स्वीकारलेली मेल अमाविसकडे जाते, तो स्पॅमअसॅसिनकडून तपासून घेतो आणि १००२५ या पोर्टवरून ती पोस्टफिक्सला परत देतो. म्हणजे एकच मेल पोस्टफिक्समध्ये दोनदा शिरते.

रिसीव्ह_ओव्हरराइड_ऑप्शन्स = नो_ॲड्रेस_मॅपिंग्ज

सर्वांत जास्त गाळली जाणारी आणि माझ्या मते सर्वांत मोलाची ओळ. मेल दोनदा शिरते म्हणून तक्ताही दोनदा लागू होतो. फिल्टरने प्रत्येक पत्त्याची मेल वेगळी करून परत दिली, तर ज्या नोंदीच्या उजवीकडे तिचा स्वतःचा पत्ताही आहे तिच्या प्रती वाढतात. त्याहून सूक्ष्म दोष वेगळाच आहे. आधीच पत्ता बदलला तर अमाविसला चिटणिसांचा वाचनालयाचा पत्ता दिसतच नाही, बाहेरचे खाते दिसते. अमाविस स्पॅमचे शेरे फक्त स्थानिक डोमेनच्या मेलवर मारतो, त्यामुळे गाळणी चालू असूनही शेरा कुठेच उमटत नाही. ही ओळ पहिल्या प्रवेशाला तक्ता थांबवते. १००२५च्या प्रवेशाला मास्टर.सीएफमध्ये हा पर्याय वेगळ्या मूल्याने बदलावा, म्हणजे बदल एकदाच, तपासणीनंतर होतो.

रीराइट_हेडर सब्जेक्ट [स्पॅम]

अमाविसशिवाय थेट जोडलेल्या स्पॅमअसॅसिनने मूळची ५ गुणांची मर्यादा ओलांडलेल्या मेलच्या विषयात शेरा घालावा, असे ही ओळ सांगते. मेल याच यंत्रावर राहणार असेल तर ठीक. फॉरवर्ड होणार असेल तर ही ओळ नको. फॉरवर्ड केलेली मेल आपल्या आयपीवरून निघते, म्हणून मूळ प्रेषकाच्या डोमेनची एसपीएफ तपासणी पुढच्या सर्व्हरवर फसते. एसआरएसने प्रेषक बदलून ती पार करता येते, पण मग पास होते ते आपले डोमेन. डीमार्कला ‘फ्रॉम’मधल्या डोमेनशी जुळणारा पुरावा लागतो. उरते डीकेआयएमची सही, आणि विषय बहुधा त्या सहीत बांधलेला असतो. एक शब्द वाढला की सही मोडते. बँकेची खरी मेल चुकून ५.१ गुणांवर गेली, तर अस्सलपणाचा तिचा शेवटचा पुरावा आपणच पुसतो. शेरा वेगळ्या हेडरमध्ये मारावा, विषयाला हात लावू नये.

एसएमटीपीडी_मिल्टर्स = आयनेट:लोकलहोस्ट:११३३२

अमाविसचा फेरा टाळून आरस्पॅमडी ही दुसरी गाळणी मिल्टर म्हणून जोडायची असेल तर ही ओळ. पोस्टफिक्सला मिल्टरची सोय २.३ या आवृत्तीत, २००६ साली मिळाली. मिल्टर २५०च्या आधी मजकूर पाहतो, त्याला मूळ पत्ता दिसतो आणि स्पॅमला नकार दारातच देता येतो. नव्या मांडणीसाठी मी हाच मार्ग सुचवेन. मात्र ‘कंटेंट_फिल्टर’ काढताना ‘नो_ॲड्रेस_मॅपिंग्ज’ची ओळही काढावी. ती मागे राहिली तर दुसरा प्रवेशच नसल्यामुळे तक्ता कधीच लागू होत नाही. डावा स्तंभ चिटणिसांचा पत्ता ओळखतो, सर्व्हर २५० म्हणतो आणि पुढच्याच क्षणी ‘असा वापरकर्ता नाही’ म्हणून मेल परत पाठवतो.