एका सैनिकाच्या पोटातला बॅक्टेरिया

हेडफोन लावलेत ना? आधीच सांगतो, आजचा एपिसोड जेवताना ऐकण्यासारखा नाही.

दोन वर्षांपूर्वी मला अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज, जखमा, शौचातून रक्त. ऑफिसात मीटिंगला बसलो की पहिला हिशेब वॉशरूम किती पावलांवर आहे याचा. औषधं सुरू झाली, चार-पाच महिन्यांत बरं वाटायला लागलं आणि मग मी अतिशहाणपणा केला. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं, 'प्रोबायोटिक घ्या, आतड्याचे रोग होणारच नाहीत.' मी गोळ्या परस्पर बंद केल्या आणि मेडिकलमधून प्रोबायोटिकची पाकिटं आणली. दीड महिन्यात रक्त पुन्हा सुरू. डॉक्टरांनी फक्त एवढंच विचारलं, "कुठला बॅक्टेरिया घेत होतास?" मला सांगताच येईना. पाकिटावर काय लिहिलंय ते मी वाचलंच नव्हतं.

या एका प्रश्नामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. तोच आज बघू.

सुरुवात पॅरिसमधून. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये इल्या मेचनिकोव्ह नावाचे शास्त्रज्ञ होते. परळच्या हाफकिन संस्थेला ज्यांचं नाव आहे ते वाल्देमार हाफकिन याच मेचनिकोव्हांचे विद्यार्थी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेचनिकोव्हांनी मांडलं की मोठ्या आतड्यातले काही बॅक्टेरिया अन्न सडवतात, त्यातून विष तयार होतं आणि म्हातारपण लवकर येतं. आंबट दुधातले बॅक्टेरिया पोटात गेले तर हे थांबेल. १९०८ साली त्यांना नोबेल मिळालं, पण ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, दह्यासाठी नव्हे! तरी 'चांगले बॅक्टेरिया' ही कल्पना तेव्हापासून लोकांच्या डोक्यात बसली.

आता जर्मनीतल्या फ्रायबुर्गला जाऊ. पहिलं महायुद्ध चालू आहे. अँटिबायोटिक अजून कुणी पाहिलेलं नाही. गोळीपासून वाचलेले सैनिक हगवणीनं आणि विषमज्वरानं मरतायत. तिथे आल्फ्रेड निस्ले नावाचा डॉक्टर वेगवेगळ्या माणसांच्या विष्ठेतला ई. कोलाय घेतो आणि काचेच्या बशीत विषमज्वराच्या बॅक्टेरियासोबत वाढवतो. त्याला दिसतं की काहींचा ई. कोलाय विषमज्वराच्या बॅक्टेरियाला दाबून टाकतो, काहींचा अगदीच कुचकामी असतो.

मग १९१७ साली त्याला एक सैनिक भेटतो. ज्या भागात हा लढला तिथे हगवणीची साथ होती, बरोबरचे आडवे झाले, याला मात्र काहीच झालं नाही. आपण म्हटलं असतं, नशीबवान आहे. निस्लेनं विचारलं, याच्या पोटात असं काय आहे? त्याच्या विष्ठेतून त्यानं ई. कोलायचा एक स्ट्रेन वेगळा केला, तो वाढवून जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये भरला आणि म्युटाफ्लोर या नावानं औषध आणलं. त्या स्ट्रेनचं नाव आजही 'ई. कोलाय निस्ले १९१७' असंच आहे. सैनिकाचं नाव मात्र कुठे येत नाही.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ई. कोलाय हे आडनावासारखं आहे. पाटील आडनावाची सगळी माणसं सारखी असतात का? ई. कोलायचे काही स्ट्रेन जुलाब लावतात, काही गुपचूप आतड्यात राहतात आणि हा एक औषध झाला. म्हणून डॉक्टर पूर्ण नाव विचारतात.

पुढे अँटिबायोटिक्स आली आणि असल्या उपायांकडे लक्ष कमी झालं. १९६५ मध्ये निस्ले वारला. गंमत बघा, 'प्रोबायोटिक' हा शब्द एका शोधनिबंधात सूक्ष्मजीवांच्या संदर्भात वापरला गेला तो याच वर्षी.

खरी परीक्षा झाली नव्वदच्या दशकापासून. मोठी चाचणी २००४ साली प्रसिद्ध झाली. अल्सरेटिव्ह कोलायटिस शांत झालेले ३२७ पेशंट. निम्म्यांना नेहमीचं मेसालामाइन, निम्म्यांना निस्लेचा बॅक्टेरिया. वर्षभरात आजार उलटला तो मेसालामाइनवाल्यांपैकी ३३.९ टक्के आणि बॅक्टेरियावाल्यांपैकी ३६.४ टक्के लोकांचा. जवळपास बरोबरी!

दुसरं उदाहरण इटलीतलं. मोठं आतडं काढल्यावर लहान आतड्याची पिशवी करतात, तिलाही सूज येते. ती वारंवार येणाऱ्या ४० जणांना, सूज उतरल्यावर, नऊ महिने आठ स्ट्रेनचं मिश्रण किंवा नुसती खोटी पावडर दिली. खोट्या पावडरवाल्या वीसच्या वीस जणांना सूज परत आली. मिश्रणवाल्या वीसपैकी फक्त तिघांना. हा निकाल २००० साली प्रसिद्ध झाला.

मग ग्रुपवरचा मेसेज खरा होता का? नाही. हे सगळे आधीच आजारी असलेले पेशंट होते. शांत झालेला आजार पुन्हा उसळू न देणं एक, आणि निरोगी माणसाला आजार होऊच न देणं वेगळं. दुसरी गोष्ट कुठल्याही प्रोबायोटिकनं आजवर सिद्ध केलेली नाही. क्रोन्स डिसीजमध्ये तर चाचण्यांतून ठोस फायदा दिसलाच नाही. आणि निस्लेचा बॅक्टेरियाही अगदी साधा-भोळा नाही, तो कोलिबॅक्टिन नावाचा पदार्थ बनवतो, जो पेशींच्या डीएनएला इजा करू शकतो. शास्त्रज्ञ त्यावर अजून काम करतायत.

माझ्या पाकिटातले बॅक्टेरिया वेगळेच निघाले. ते वाईट नव्हते, पण माझ्या आजारासाठी त्यांची अशी परीक्षा कधी झालीच नव्हती. आणि त्यांच्या भरवशावर मी परीक्षेत पास झालेलं औषध सोडलं होतं.

आता गोळ्या पुन्हा चालू आहेत, तब्येत बरी आहे. दही रोज खातो, पण आवडतं म्हणून. तुमच्यापैकी कुणाला हा त्रास असेल तर प्रोबायोटिक जरूर विचारा, पण डॉक्टरांना विचारा, पूर्ण नावानिशी विचारा आणि चालू औषध मनानं बंद करू नका. हा एपिसोड फॅमिली ग्रुपवर टाका. मीही टाकणार आहे, तो मेसेज जिथे आला होता तिथेच.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!