आपण नसताना

गेल्या महिन्यात शनिवार-रविवार रत्नागिरीला घरी होतो. बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली, त्यामुळे लॅपटॉप बंद आणि डोकं चालू. भाची नाईट संपवून आली ती छत्री न मिटताच पडवीत बसली आणि म्हणाली, "मामा, मी सोडतेय नोकरी."

तर झालं होतं असं. ती इथल्याच एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स म्हणून लागून तीन महिने झालेत. संध्याकाळी डॉक्टरांनी एका पेशंटच्या इंजेक्शनची वेळ बदलली आणि ते हिला तोंडी सांगितलं. हिने हँडओव्हरच्या गडबडीत दहा गोष्टींबरोबर तेही रात्रीच्या सिस्टरला तोंडीच सांगितलं. व्हायचं तेच झालं. इंजेक्शन राहिलं, सकाळी लक्षात आलं. पेशंटला काही झालं नाही, पण दोघींनाही सगळ्यांसमोर बोलणी बसली. पुढच्या आठवड्यात हिने धीर करून सुचवलं की बदललेली औषधं एका वहीत वेगळी लिहू या. उत्तर आलं, "कालची पोरगी तू, आधी काम शीक."

"आणि कॉलेजात आम्हाला लीडरशिपचा अख्खा धडा होता! माझ्या हाताखाली आहे कोण? वॉर्डबॉयसुद्धा ऐकत नाही माझं."

मी म्हटलं, आमच्याकडे सर्व्हर पडला की आम्ही नंतर बसून लिहून काढतो, कोण चुकलं ते नाही तर कशामुळे चुकलं ते. त्याला आम्ही पोस्टमॉर्टेम म्हणतो. "हा शब्द आमच्या वॉर्डात काढू नकोस हां," ती म्हणाली. निदान हसली तरी :)

मग चहा पिता पिता तिला एक गोष्ट सांगितली, तीच इथे लिहितोय.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की आपल्याला हातात दिवा घेतलेली बाई आठवते. ४ नोव्हेंबर १८५४ ला ती ३८ परिचारिका घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचली. पुढचा भाग शाळेच्या पुस्तकात नव्हता. ती आल्यावरही तिथले मृत्यू कमी झाले नाहीत, वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्ये तर मृत्यूचं प्रमाण १०० मागे ४२ च्या आसपास गेलं. मार्चमध्ये लंडनहून स्वच्छता आयोग आला, त्याने इमारतीखालची तुंबलेली गटारं साफ करवली, खेळती हवा आणली, आणि मग आकडा झपाट्याने उतरला. दिवा होता, माया होती, मेहनत होती, पण गटार तुंबलेलं होतं.

इंग्लंडला परतली तेव्हा तिचा जयजयकार चालला होता. गप्प बसली असती तरी चाललं असतं. पण विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर बसून तिने आकडे तपासले. जखमांपेक्षा कितीतरी जास्त सैनिक रोगाने मेले होते, आणि ते टाळता आलं असतं, हे तिने १८५८ मध्ये रंगीत आकृत्या काढून मांडलं. त्यात तिचं स्वतःचं रुग्णालयही आलं. मला विचाराल तर तिचं खरं पुढारपण इथे आहे. आपली चूक लपवायची सोय असताना ती मोजून दाखवणं.

शुश्रूषेवरच्या तिच्या छोट्या पुस्तकात कारभार कसा करावा यावर एक प्रकरण आहे. त्याचं सार इतकंच, की तुम्ही हजर असताना जे होतं ते तुम्ही नसतानाही व्हायला हवं. सगळं मीच करीन म्हणणाऱ्याने नव्हे, तर ते नेहमी होईल अशी व्यवस्था लावणाऱ्याने जबाबदारी घेतली असं म्हणायचं. दीडशे वर्षांपूर्वीची ही बाई चक्क हँडओव्हरबद्दल बोलतेय!

तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? आहे. नाइटिंगेल हिंदुस्थानात कधी आली नाही, पण इथल्या आरोग्यावर तिने कित्येक वर्षं काम केलं. दयाराम गिडुमल यांनी लिहिलेल्या बेहरामजी मलबारींच्या चरित्राच्या १८९२ च्या आवृत्तीला तिची प्रस्तावना आहे. याच दोघांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन काढलं. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी गोपाळ कृष्ण देवधरांबरोबर पुण्यात काम उभं केलं आणि तिथल्या बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला धाडलं. परपुरुषांची सेवा, कुठल्याही जातीच्या रुग्णाला शिवणं, रात्रपाळी... तेव्हाच्या घरांना हे किती जड गेलं असेल! रमाबाई स्वतः नर्स नव्हत्या. पण बाईने निर्धास्तपणे शिकावं, राहावं, कमवावं यासाठी संस्था लागते हे त्यांना कळलं होतं. १९२४ मध्ये त्या गेल्या. पुण्याचं सेवासदन अजून चालू आहे.

आणि अगदी आपल्या जिल्ह्यातलं नाव हवं असेल तर देवरुखच्या जोशांची गोदू. लहानपणीच विधवा झाली, १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकायला गेली, १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्यापायी कर्व्यांच्या मुरुडने त्यांना वाळीत टाकलं. याच बाया कर्वे पुढे नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेऊन आल्या. पंगतीला ज्यांना कोणी बसवत नव्हतं, त्यांनी अडलेल्या बाईच्या उशाशी बसायची विद्या शिकून घेतली. यांच्या हाताखाली तरी कोण होतं?

सरकारी भाषेत स्टाफ नर्स म्हणजे अधिपरिचारिका, तिच्या वर परिसेविका, त्याच्या वर अधिसेविका. पायऱ्या चढायला वर्षं लागतात. वहीला चार आठ आणे... बरं, आता वीस रुपये लागतात.

भाची काही बोलली नाही. चहा संपवला आणि झोपायला गेली. संध्याकाळी ड्यूटीला निघताना मात्र नाक्यावर थांबून शंभर पानी वही घेतली. परवानगी कोणाची नव्हती, म्हणून फक्त स्वतःच्या पेशंटांपुरती. शिफ्ट सुटताना पुढच्या सिस्टरला वाचून दाखवायची आणि तिथेच ठेवून यायची. त्या राहिलेल्या इंजेक्शनची नोंद तिने पहिल्या पानावर स्वतःच्या नावानिशी लिहिली. हे मला नंतर कळलं.

काल तिचा फोन आला, वैतागलेली. सुट्टी होती, गाढ झोपली होती आणि वॉर्डातून इन्चार्ज सिस्टरनी उठवलं. "विचारतात कसं, ती वही कुठे ठेवतेस गं? सुट्टीच्या दिवशी पण झोपू देत नाहीत, मामा!"

मी काही बोललो नाही. नोकरी सोडायचं तिनेही काढलं नाही.

असो. लाईट आली आहे.