ड्रॅगन : पेडणे-डिचोलीच्या संदर्भातील निसर्गेतिहास

ड्रॅगन : सरपटणाऱ्या प्राण्याचे खवलेदार शरीर, चार पाय, त्यांखेरीज पाठीवर दोन पंख आणि तोंडात ज्वाळा, अशी युरोपीय चित्रांतून ओळख झालेला कल्पित प्राणी. प्राणिशास्त्राच्या दप्तरी असा जीव नाही. तरीही तो असता तर त्याचे शरीर, आहार आणि राहणे कसे असते, हा प्रश्न निरर्थक नाही. त्याचे उत्तर जिवंत प्राण्यांच्या सांगाड्यांवरून बरेचसे काढता येते. त्यासाठी उत्तर गोव्याचा मुलूख सोयीचा आहे. पेडणे तालुक्यात धारगळ-मोपा भागातला जांभ्याचा सडा, खाली शापोरा नदीकाठची शेते आणि पूर्वेला डिचोली-सत्तरीकडून सह्याद्रीच्या पायथ्याला भिडणारी झाडी एवढ्या पट्ट्यात वारुळाला देवी मानणारा समाज राहतो. गोव्याच्या याच रानांत ड्रॅगनची एकेक खूण अंगावर वागवणारे तीन प्राणीही आहेत : फणा काढणारा नाग, झाडावरून झेप घेणारा उडता सोनसर्प आणि उडता सरडा. तिघांचे सांगाडे शेजारी ठेवले तर निष्कर्ष एकच निघतो. निसर्ग ड्रॅगन घडवतो तो जादा अवयव जोडून नव्हे, तर बरगड्या लांबवून किंवा पसरून. आणि असा घडलेला चार पायांचा ड्रॅगन लहानच राहतो.

चित्रातल्या ड्रॅगनची पहिली अडचण आग ही नसून अवयवांची संख्या ही आहे. पाठीचा कणा असलेल्या जमिनीवरच्या सर्व प्राण्यांचा आराखडा चार अवयवांचा आहे. सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या टिकटालिकसारख्या माशांच्या परांतून तो आला आणि त्यानंतर कोणत्याही वंशाने त्यात पाचवा-सहावा अवयव घातलेला नाही. पक्षी, वटवाघूळ आणि नामशेष टेरोसॉर या तिघांनीही पंखांची किंमत पुढच्या पायांनी चुकती केली. तेव्हा चार पाय राखून वर दोन पंख ही मागणी कण्याच्या प्राण्यांच्या हिशेबात बसत नाही. सापांनी पाय टाकले, पण नवे पाय कोणाला फुटले नाहीत. एवढ्यावर ड्रॅगन मोडीत काढावा, असे कोणी म्हणेल. परंतु उडत्या सरड्याने हा पेच वेगळ्या वाटेने सोडवला आहे.

लिनियसने १७५८ मध्ये आग्नेय आशियातल्या अशा सरड्याला ‘ड्रॅको व्होलान्स’, म्हणजे उडणारा ड्रॅगन, असे नाव दिले. हाच विद्वान १७३५ मध्ये हँबुर्गला सात तोंडांचा राक्षसी सर्प पाहून आला होता आणि तो मुंगसासारख्या प्राण्यांचे जबडे व सापाची कातडी जोडून केलेला बनाव असल्याचे त्याने सांगून टाकले होते. खोटा ड्रॅगन ओळखणाऱ्याने खऱ्या प्राण्याला ते नाव बहाल करावे, यात थोडी थट्टा असेलही. निवड मात्र अचूक होती. पश्चिम घाटातली जात ड्रॅको दुस्सुमिएरी ही असून तिचे शास्त्रीय वर्णन द्युमेरिल व बिब्राँ यांनी १८३७ मध्ये केले. नावातला दुस्सुमिए हा भारताच्या किनाऱ्यावरून नमुने गोळा करून नेणारा फ्रेंच व्यापारी-प्रवासी. केरळ, कर्नाटकापासून गोव्यापर्यंत या जातीची वस्ती असून माड-पोफळीच्या बागा, म्हणजे गोव्यातली कुळागरे, तिला मानवतात. शेपटीसह लांबी सुमारे २३ सेंटीमीटर, त्यात निम्म्याहून अधिक शेपूट, आणि वजन काही ग्रॅम. आहार मुख्यतः मुंग्यांचा. नराच्या गळ्याखाली पिवळी पिशवी असते आणि ती हलवून तो हद्द सांगतो. मादी जमिनीवर उतरते ती प्रामुख्याने मातीत अंडी घालायला. एरवी सगळा संसार खोडावर.

या सरड्याचे चारही पाय शाबूत आहेत. छातीच्या काही बरगड्या बाजूला लांब वाढल्या असून त्यांवर कातडीचा पडदा ताणलेला असतो. विश्रांतीत तो अंगाला मिटून राहतो आणि झेप घेताच उघडतो. बरगड्यांचा पंख वळवणार कसा, ही शंका अभ्यासकांनाही होती. डेलिंग यांनी पश्चिम घाटातल्या याच जातीच्या निरीक्षणांवरून २०१७ मध्ये दाखवले की सरडा हवेत गेल्यावर पुढच्या पायांनी पडद्याची कडा पकडतो आणि हात व बरगड्या मिळून एकच पंख होतो. उतरताना हात सुटतात आणि खोड धरायला मोकळे होतात. चार पाय आणि दोन पंख ही चित्रकाराची मागणी अशी पुरी झाली आहे, फक्त पंखांचे सामान छातीच्या पिंजऱ्यातून आले. हा योगायोगाचा एकच मासला नव्हे. ट्रायासिक काळातला क्यूनिओसॉरस आणि चीनमध्ये सापडलेला, २००७ मध्ये वर्णिलेला क्रिटेशस काळातला शियांगलाँग यांनीही बरगड्यांचेच पंख केले होते. नागाचा फणा मानेच्या लांब बरगड्या पसरल्याने उभा राहतो. उडता सोनसर्प बरगड्या फाकवून अंग चपटे करतो आणि झाडावरून तरंगत खाली येतो. लांबोडक्या अंगाच्या सरपटणाऱ्या प्राण्याजवळ हाताशी असलेले सुटे सामान म्हणजे बरगड्या, आणि तो वारंवार तेच वापरतो.

यावर आक्षेप येतो की वीतभर सरड्याला ड्रॅगन म्हणणे ही नुसती नावाची कसरत आहे. ड्रॅगन म्हणजे आकार. आक्षेप रास्त आहे, म्हणून तो आकडेमोडीने तपासावा. सरडा सर्व बाजूंनी दहापट मोठा केला तर लांबी २.३ मीटर होईल, पंखांचे क्षेत्रफळ शंभरपट, पण वजन हजारपट. पंखाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवरचा भार दहापट होतो आणि तरंगत राहायला लागणारा वेग तिपटीहून अधिक. त्या वेगाने पोफळीच्या खोडावर आदळणारा प्राणी दुसरी झेप घ्यायला उरणार नाही. मग टेरोसॉर दहा मीटर पंखविस्ताराचे कसे झाले? ते पंख फडफडवत, त्यासाठी छातीचे स्नायू प्रचंड होते, हाडे पोकळ होती आणि पुढचे पाय पंखांत खर्ची पडले होते. बरगड्यांचा पंख फडफडवता येत नाही. त्याच बरगड्यांना श्वासही चालवायचा असतो. म्हणजे मोठा उडणारा ड्रॅगन दोन पायांचाच शक्य आहे आणि चार पायांचा ड्रॅगन लहानच. आगीचे म्हणाल तर रासायनिक मारा करणारे कीटक आहेत. बॉम्बार्डियर भुंगेरा हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या अभिक्रियेने जवळपास १०० अंश सेल्सिअसचा फवारा सोडतो. पण तो फवारा आहे, ज्वाळा नव्हे, आणि शत्रूला हटवण्यापुरता आहे. आग सोडून द्यावी, हेच बरे.

दुसरा आक्षेप भारतीय बाजूचा : आपला ड्रॅगन म्हणजे नाग, गुप्तधन राखणारा, माथ्यावर मणी असलेला. पेडण्यासह गोवाभर सातेरी देवीची पूजा वारुळाच्या रूपात होते, वारुळाला तिथे रोयण म्हणतात, आणि पंचमीला नाग पुजला जातो. श्रद्धेचा न्याय शरीरशास्त्राने करू नये, हे मान्य. मात्र मणी, वारूळ, राखण ही विधाने शरीराबद्दल व वागण्याबद्दल आहेत आणि ती तपासता येतात. वारूळ वाळवी बांधते. नाग तिथे उंदरांमागे आणि थंडाव्यासाठी शिरतो. नागाच्या डोक्यात मणी तयार होईल असा कोणताही अवयव नाही. म्हणजे गोष्टीतला मुक्काम खरा, दौलत खोटी. लोक खऱ्या प्राण्यावर पंख सहसा चढवत नाहीत, हेही लक्षात घ्यावे. फोंडा तालुक्यात खाजन शेतीच्या बांधांवर पौष अमावस्येला ‘माणगे थापणी’ होते. त्यात चिखलाची मगर करतात. तिला शेपूट आहे, दात आहेत, चार पाय आहेत आणि पंख नाहीत. कुंभारजुवेच्या खाडीतली मगर त्या शेतकऱ्यांच्या रोजच्या पाहण्यातली, तेव्हा मूर्तीतही रचना बिघडत नाही. ज्याला कोणी पाहिले नाही त्याच्यावरच कल्पना मनसोक्त अवयव चिकटवते.

ड्रॅगनसारख्या कल्पित प्राण्यांच्या गोष्टी जमिनीत सापडलेल्या हाडांवरून आल्या, हा सिद्धान्त एड्रियन मेयर यांनी २००० साली ग्रीक-रोमन जगाच्या संदर्भात जोरकसपणे मांडला. विदर्भात तो विचारात घेता येईल, कारण चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा येथे डायनोसॉरचे जीवाश्म सापडतात. गोव्यात तो लागू पडत नाही. येथील पायाभूत खडक बहुतांशी २५० कोटी वर्षांच्या आसपासचे, म्हणजे हाडांचे प्राणी जन्मण्याच्या फार आधीचे आहेत. डिचोलीत लोहखनिजासाठी कित्येक दशके डोंगर पोखरले गेले. त्या खडकात डायनोसॉरची हाडे असण्याचा प्रश्नच येत नाही. उरला ‘अजून कुठेतरी लपला असेल’ हा युक्तिवाद. सप्टेंबर २०२५ मध्ये दोडामार्गकडून ओंकार नावाचा एक हत्ती पेडणे तालुक्यात उतरला. मोपा-तांबोसे परिसरात त्याच्या पावलांची, मोडलेल्या बागायतीची आणि रात्रीच्या मुक्कामाची बातमी गावोगाव पोचायला वेळ लागला नाही. झाडपाला खाणारा एक हत्ती जिथे लपत नाही, तिथे मांसाहारी ड्रॅगनांची पैदास होण्याइतकी टोळी लपेल हे संभवत नाही. सरपटणाऱ्या प्राण्याला तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या सुमारे दशांश अन्न पुरते, ही सवलत धरली तरी टोळीला गुरे लागणारच, आणि गुरे गेली की गावाला कळते.

तेव्हा या प्रदेशापुरता निवाडा असा : ड्रॅगनच्या व्याख्येतला जेवढा भाग शरीराला झेपतो तेवढा कुळागरातल्या सरड्याने प्रत्यक्षात आणला आहे. उरलेला भाग, म्हणजे आकार आणि आग, कोणत्याच प्राण्याला एकत्र झेपणारा नाही. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत ड्रॅको दुस्सुमिएरी ‘किमान चिंता’ या वर्गात आहे; पण हा वर्ग संपूर्ण पश्चिम घाटाचा सरासरी हिशेब आहे. एका खोडावरून दुसऱ्या खोडावर जाणाऱ्या या प्राण्याला झाडे झेपेच्या टप्प्यात लागतात, आणि मध्ये मोकळी केलेली जमीन आली की तिथे त्याचा पंख कामाचा राहत नाही. कुळागरात जाणाऱ्याने पोफळीचे खोड छातीच्या उंचीपासून वर नीट पाहावे. सालीच्या रंगात मिसळलेला प्राणी लगेच दिसत नाही. पिवळी गळपिशवी हलली की नर सापडतो.