कूप आणि सारंगागार

वनखात्याच्या दप्तरात जंगल कुपांनी मोजलं जाई. हा कूप विहिरीचा नव्हे. तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा. इंग्रजी अमदानीपासून ही भाषा सागाची, घनफुटांची, लिलावाची. झाडावरच्या घरट्याला तिच्यात रकानाच नव्हता. १९३२ मध्ये सोलापुरात जन्मलेले मारुती चितमपल्ली कोइमतूरला वनविद्या शिकून याच खात्यात आले. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा जंगलांत त्यांची नोकरी झाली. ‘निसर्गलेखक’ एवढं म्हणून आपण त्यांना मोकळं करतो. माझ्या मते त्यांचं खरं काम शब्द पुरवण्याचं होतं, आणि तेही संवर्धनच होतं.

सारंगागार घ्या. पावसाळ्यात पाण्यातल्या बाभळींवर बगळे, पाणकावळे, शराटी दाटीवाटीनं घरटी करतात. विष्ठेनं पानं पांढरी पडतात, खाली माशांचा उग्र दर्प. याला मराठीत रुळलेलं नाव नव्हतं; चितमपल्लींनी ‘सारंगागार’ हा शब्द दिला. ‘बगळ्यांचं झाड’ म्हटलं की ते एक झाड उरतं. तोडलं तर बगळे दुसरीकडे बसतील, असं वाटतं. आगार म्हटलं की ती वस्ती होते. (एसटीनं हा शब्द घरोघर पोचवलाच आहे.) कावळ्यांच्या वसाहतीसाठी त्यांनी ‘काकागार’ वापरला.

हे शब्द संस्कृतातले, ढीवराच्या किंवा गोंडाच्या तोंडचे नव्हेत, हा आक्षेप निम्मा खरा आहे. पण हेच चितमपल्ली रानातल्या माणसांकडून पाखरांची नावं गोळा करत होते. नवेगावबांधला माधवराव पाटील डोंगरवार हे त्यांचे एक गुरूच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: कुऱ्हाड शब्दानं नव्हे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं अडते. अडते खरी. मात्र त्या कायद्याचा कणा म्हणजे अनुसूची, आणि अनुसूची म्हणजे नावांची यादी. तिथलं लॅटिन नाव न्यायालयाला पुरतं. तळ्यावर जाळं टाकणाऱ्याला नाही.

लोकसमजुती टिपताना मात्र त्यांची चाळण सैल होती. कावळा कोणत्या झाडावर घरटं बांधतो यावरून पावसाचा अंदाज त्यांच्या नावावर दर मे महिन्यात वर्तमानपत्रांत छापून येई. सारंगागाराची बातमी तेवढ्या हौसेनं छापलेली क्वचितच दिसते.